म्हशीची पत्रिका

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मला पहिलं स्थळ आलं. हिंगोलीचं होतं. मुलाचं औषधाचं दुकान होतं, घर स्वतःचं, आणि मुलगा स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचा. पोहे खाऊन, चहा पिऊन ती मंडळी गेली आणि जाताना म्हणाली, "पत्रिका बघू आन् कळवू."

आईनं दुसऱ्याच दिवशी माझी पत्रिका घेऊन औंढ्याची एसटी पकडली. औंढ्याला मंदिराच्या मागच्या गल्लीत एक ज्योतिषी राहतात. त्यांना सगळे महाराज म्हणतात. आईचा त्यांच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवर नव्हता, आणि आमच्या अण्णांवर तर नव्हताच. अण्णा म्हणजे माझे वडील. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे.

संध्याकाळी आई परत आली. जेवणं चालू असताना तिनं सांगितलं, "एकनाडी निघाली. जमत न्हाई."

अण्णा जेवत राहिले. तो मुलगा त्यांनाही आवडला नव्हता. मी तर मनातल्या मनात महाराजांना नमस्कारच केला. तेवढ्यावर थांबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आई पुढं म्हणाली, "आन् महाराज म्हणले, पोरीचं शिक्षण अर्धवट राहतं."

अण्णांचा घास हातातच राहिला.

"कशावरून?"

"शनीवरून."

"शनीवरून!" अण्णांनी घास परत ताटात ठेवला. "पोरगी पहिल्या वर्षाला कॉलेजात पहिली आली. ते शनीला कोणी कळवलं न्हाई का?"

"माझ्यावर काहून चिडून राहिले? मी सांगितलं का ते? महाराजांनी सांगितलं."

त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आई म्हणायची, महाराजांचं कधी चुकलं नाही. अण्णा म्हणायचे, कधी चुकलं ते तू ध्यानातच ठेवत नाहीस. आई म्हणायची, चुकलंच नाही तर ध्यानात काय ठेवू? शेवटी एका रविवारी सकाळी अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, बाजारातला काटा खरा का खोटा ते तू कसं ओळखतेस?"

"मी न्हाई ओळखत. ज्याच्याकडं गर्दी असते त्याच्याकडून घेते."

"तसं न्हाई. काट्यावर आपल्याला माहीत असलेलं वजन टाकायचं. किलोचं माप टाकलं आन् काट्यानं किलोच दाखवलं तर काटा खरा. भविष्याचं पण तसंच. ज्याचं सगळं आयुष्य आपल्याला माहीत हाय, पण महाराजांना माहीत न्हाई, अशाची पत्रिका त्यांच्यासमोर ठेवायची. बघू काय सांगतात."

आईला हे पटलं. आश्चर्य म्हणजे तिला मजाही वाटली. दोघं मिळून माणूस शोधायला लागले. आईनं आधी तिच्या भावाचं नाव घेतलं. अण्णा म्हणाले, त्याचं सगळं आयुष्य त्याच्या बायकोलाही माहीत नाही. मग चुलते झाले, शेजारी झाले. कोणाची जन्मवेळ माहीत नव्हती, तर कोणाला महाराज आधीच ओळखत होते. मी शेण काढून हात धुवायला आले तेव्हा अण्णांची नजर माझ्या मागं, गोठ्याकडं होती.

"हिच्यापेक्षा आठ दिवसांनी लहान," अण्णा हळूच म्हणाले.

ते आमच्या म्हशीबद्दल बोलत होते. मी आठ दिवसांची असताना ती जन्मली. तिची जन्मवेळ अख्ख्या घराला पाठ होती, कारण त्या दिवशी तिची आई अडली होती आणि अण्णा गोठ्यात अडकून पडले होते. वगार बाहेर आली आणि शाळेची प्रार्थनेची घंटा झाली. अण्णा हातपाय धुऊन पोचेपर्यंत प्रार्थना संपली होती. हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर विचारलं, "काय सर, घरी काय झालं?" अण्णांनी खरं ते सांगितलं आणि अख्खी शाळा हसली. असा मुहूर्त माणूस विसरत नाही. आता ती म्हैस म्हातारी झाली होती, दूध जवळपास आटलं होतं, पण तिला विकायचं नाव कोणी काढत नव्हतं.

आई आधी नको म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "न्या. पण माझी एक अट. खोटं एक अक्षर बोलायचं न्हाई. देवाच्या दारात बसलेलं माणूस हाय ते. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. आन् पोरगी सोबत येईल, ऐकायला."

"मी कशाला खोटं बोलू?" अण्णा म्हणाले. "प्रयोगात खोटं बोललं तर प्रयोगच बाद."

पुढच्या रविवारी मी अण्णांच्या मोटरसायकलवर मागं बसून औंढ्याला गेले. दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. अण्णांनी मंदिराकडं बघून नमस्कार केला. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. महाराजांच्या ओसरीवर चपला काढल्या आणि आत गेलो. महाराज साठीच्या पुढचे, अंगानं गोल, कपाळावर गंध. समोर लाकडी चौरंगावर लॅपटॉप. प्रिंटरवर पांढरा विणलेला रुमाल टाकलेला. त्यांनी आईला ओळखलं असतं. आम्हा दोघांना पहिल्यांदाच बघत होते.

"बोला. कोणाची बघायची?"

"आमच्या घरातलीच हाय," अण्णा म्हणाले.

"मुलगी का मुलगा?"

अण्णा जरा थांबले. "स्त्रीलिंग."

महाराजांनी चष्म्यावरून बघितलं. अण्णांनी घाईघाईनं तारीख, वेळ, गावाचं नाव सांगितलं. महाराजांनी बोटानं एकेक अक्षर शोधत सगळं लॅपटॉपमध्ये भरलं.

"नाव?"

"नाव असं ठेवलं न्हाई. हाक मारली की येते."

"बरं," महाराज म्हणाले. त्यांना ते बरं वाटलं नव्हतं. "शिक्षण?"

"शाळेत गेली न्हाई." मग आईची अट आठवून अण्णांनी भर घातली, "एकदा आली होती शाळेत. हाकलून दिलं."

"हाकललं? कोणी?"

"मीच. वर्ग चालू होता."

मी ओढणीचा बोळा तोंडाशी धरला. महाराज माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हाला बरं न्हाई का ताई?" मी मान हलवली. ती होची होती का नाहीची, मलाही कळलं नाही.

"तुम्ही शिक्षक ना गुरुजी?" महाराज अण्णांना म्हणाले. "असो. आईवडील हयात हायेत हिचे?"

"आई ही लहान असतानाच गेली."

"वारली?"

"न्हाई, न्हाई. बाजाराच्या दिवशी एका माणसाबरोबर गेली. परत आली न्हाई."

महाराजांनी लॅपटॉपवरचा हात काढला. "आन् वडील?"

अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. "वडलांचं नक्की सांगता येत न्हाई. गावातलाच असावा."

"शिव शिव," महाराज म्हणाले. त्यांनी प्रिंटरवरचा रुमाल उगाच सारखा केला. "मग तुम्ही सांभाळलं हिला."

"व्हय. पहिल्या दिवसापासून."

"काम काय करते घरात?"

"आता काही न्हाई. बसून असते. पण घर तिच्यावरच चाललं इतके दिवस."

महाराजांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मला आता हसू येत नव्हतं. महाराजांचा चेहरा बघून कसंतरी वाटत होतं. मग त्यांनी भविष्य सांगायला सुरुवात केली. अगदी मन लावून सांगितलं. स्वभाव शांत, पण मनात आलं तर जागची हलणार नाही. पाण्याची फार ओढ. खाण्यापिण्याची आवड, त्यावरून बोलणीही खाईल. मंगळ आहे.

"हिला पण मंगळ?" अण्णा म्हणाले.

"हाय. पण घाबरू नका. संततीचा योग उत्तम. पहिली कन्या. परदेशगमन दिसतं. आन् एक लिहून ठेवा गुरुजी, ही ज्या घरात राहील त्या घरात दुधादुभत्याला तोटा न्हाई. लक्ष्मी हाय. तुम्ही हिला शाळेतून हाकललं, पण नशिबानं हाकललं न्हाई."

अण्णांनी दक्षिणा काढली. महाराजांनी त्यांचा हात धरून परत खिशाकडं वळवला. "अशा लेकराचं मी घेत न्हाई. तुमचा मोबाईल नंबर तेवढा द्या. पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतो. हिचं लग्न जमवायची जबाबदारी माझी."

अण्णांना तिथंच सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात बाहेरून परभणीचं एक कुटुंब आत आलं, महाराजांनी त्यांना हात केला, आणि आम्ही चपला घालून रस्त्यावर आलो. गाडी चालू करताना अण्णा म्हणाले, "भला माणूस हाय." मग कळमनुरीपर्यंत त्यांनी गाडी अगदी सावकाश चालवली. कळमनुरीला भजी खाल्ल्यावर मात्र त्यांच्यात पुन्हा जोर आला. "परदेशगमन!" ते म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

घरी आई दारातच उभी होती. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. अण्णा मिशीत हसत खांबाला टेकून उभे होते. त्यांना वाटत होतं, आता आई हरली. आई मात्र एकेक गोष्ट ऐकून गोठ्याकडं बघत होती.

"शांत पण हटून बसती. बराबर. रस्त्यात बसली तर उठती का?"

"अगं, कोणतीही म्हैस..."

"पाण्याची ओढ. बराबर. खाण्यावरून बोलणी खाती. त्या शेजारणीच्या कडब्यावरून आपण किती भांडलो? पहिली कन्या. पहिली वगारच झाली होती की न्हाई?"

"अर्ध्या म्हशींना पहिली वगारच होते."

"दुधादुभत्याला तोटा न्हाई," आई म्हणाली आणि इथं तिनं अण्णांकडं असं बघितलं की अण्णा खांब सोडून सरळ उभे राहिले. "अवं, न सांगता त्यांनी वळखलं!"

"आन् परदेशगमन?" अण्णांनी हुकमी पान टाकलं. "ते सांग. कोणत्या देशाला गेली आपली म्हैस?"

आई विचारात पडली. अण्णांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मग आई सावकाश म्हणाली, "ती हरवली होती त्या साली कुठं सापडली?"

"नदीपलीकडं. उमरखेडच्या बाजूला."

"म्हणजे वऱ्हाडात. माझे आजे सांगायचे, तवा नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आन् पलीकडं इंग्रजाचं. हद्दीवर चौकी होती. मग परदेश न्हाई तर काय?"

अण्णा खुर्चीत बसले.

संध्याकाळी मोबाईलवर पत्रिका आली. आता कोणत्याही पत्रिकेत नक्षत्रावरून एक योनी दिलेली असते. कोणाची अश्व, कोणाची गज, कोणाची मूषक. माझी मार्जार होती, त्यावरून मला लहानपणी भरपूर चिडवलं गेलं होतं. आई बोट ठेवत ठेवत वाचत होती. एका ओळीवर ती थांबली. मग तिनं मोबाईल अण्णांच्या डोळ्यासमोर धरला.

योनी : महिष.

"आता काय म्हणता?" आई म्हणाली. "छापूनच आलं!"

सत्तावीस नक्षत्रं आणि चौदा प्राणी, त्यामुळं गावातल्या कितीतरी माणसांची योनी महिष निघेल, हे अण्णांनी तिला पाटीवर आकृती काढून समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण म्हशीची काहून निघाली?" याचं उत्तर अण्णांना आजही सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी आईनं ही हकीकत बायकांना सांगितली. आठ दिवसांत ती आजूबाजूच्या गावांत गेली. सोमवारच्या कळमनुरीच्या बाजारात अण्णांना लोक विचारायला लागले, "सर, म्हशीचं कसं काय?" अण्णांना वाटलं, लोक महाराजांना हसतायत. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की लोक महाराजांचं कौतुक करतायत आणि हसतायत ते त्यांना. महाराजांपर्यंत मात्र ही गोष्ट अजून पोचली नव्हती. त्यामुळं महाराज आपला शब्द पाळायच्या मागं होते.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी आमच्या दारात पांढरी गाडी येऊन थांबली. गाडीतून तिशीतला एक उंच मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या उतरले. वारंगा फाट्याच्या पलीकडून आले होते. ऊस आणि हळदीची शेती, घरची परिस्थिती उत्तम. मुलाच्या वडिलांनी अण्णांना हात जोडले. "औंढ्याच्या महाराजांनी पाठवलं. फोन करून येणार होतो, पण महाराज म्हणले, चांगलं काम हाय, डायरेक जा."

अण्णांनी त्यांना बसवलं. आईनं पाणी दिलं. माझंच दुसरं स्थळ असावं असं समजून मी मागच्या दारानं जाऊन बरा ड्रेस घालून आले.

"आमच्या पोराला कडक मंगळ," आत्या सांगत होत्या. त्या नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर, आणि बोलताना डोळे भरून यायचे. "किती पोरी बघितल्या. कुठं मंगळ आडवा येतो, कुठं गुण जुळत न्हाईत. महाराजांनी या पोरीची पत्रिका लावली आन् छत्तीसातले बत्तीस गुण! बत्तीस! असं कधी झालं न्हाई. शिक्षण न्हाई म्हणले, नसू द्या. आईबाप न्हाईत म्हणले, आमी हौत की. हुंडा नको, मानपान नको. तुमी तिला लेकरासारखं वाढवलं तेच लई झालं."

अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. स्वयंपाकघराच्या दारात आईनं कपाळाला हात लावला. मला तेव्हा कळलं, आणि मी पोह्यांचं ताट घेऊन होते तिथंच थांबले.

"ये माय," आत्यांनी मला बघितलं. "हीच का? लाजू नको. शाळेत न्हाई गेली म्हणून काय झालं?"

"मी बी.एस्सी.ला आहे," मी म्हणाले.

आत्यांनी भावाकडं बघितलं. भावानं अण्णांकडं. "मग ती दुसरी? हिची बहीण?"

"बहीण न्हाई," मी म्हणाले. "माझ्याच वयाची आहे."

"बोलवा की मग तिला बाहेर," मुलाचे वडील म्हणाले. "आतच ठेवता का तिला? महाराज म्हणतच होते, पोरीचे हाल हायेत म्हणून." त्यांचा आवाज जरा चढला होता. अण्णा या क्षणी त्यांच्या दृष्टीनं अनाथ मुलीला कोंडून ठेवणारे मास्तर होते.

अण्णा उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, जसा ते शिक्षणाधिकारी आल्यावर करायचे, आणि म्हणाले, "चला. दाखवतो."

आम्ही सगळे त्यांच्या मागं गोठ्यात गेलो. म्हैस बसून रवंथ करत होती. तिनं मान वळवून पाहुण्यांकडं बघितलं आणि कान हलवला.

"ही," अण्णा म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी म्हशीच्या मागं वाकून बघितलं, तिथं एखादी मुलगी उभी असेल म्हणून. नव्हती. मग अण्णांनी सगळं सांगितलं. काटा, वजन, घंटा, आईची अट, काहीही न लपवता. सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले.

"मी पोरांना शिकवतो की माणसांवर प्रयोग करायचे न्हाईत. मला वाटलं, मी म्हशीवर केला. तुमच्यापर्यंत जाईल असं ध्यानात आलं न्हाई. माझं चुकलं."

"चुकलं?" मुलाचे वडील गरजले. "मास्तर, आमी चाळीस किलोमीटर आलो! नवा शर्ट घालून आणला पोराला! म्हशीला बघायला?"

आणि तो मुलगा हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग गोठ्याची मेढ धरून. वडील म्हणाले, "दात काहून काढून राहिला?" त्याला बोलताच येईना. शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "बत्तीस गुण, बाबा! म्हशीशी बत्तीस! आन् तिच्याशी जुळले नऊ!"

"ती कोण?" आईनं विचारलं. असल्या गोष्टी आईला लगेच ऐकू येतात.

कळमनुरीच्या कृषी कार्यालयात एक मुलगी कृषी सहायक होती. हळद लागवडीच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली होती. दोन वर्षं तो घरी तिचं नाव काढत होता आणि दोन वर्षं पत्रिका आडवी येत होती. हे सगळं त्यानं आमच्या गोठ्यात, शेणात नवे बूट रुतवून, वडिलांच्या तोंडावर सांगितलं. "तुमी म्हणले, गुण जुळले की संसार सुखाचा होतो. चला मग. हिलाच नेऊ घरी. मी तयार हाय."

वडिलांनी उत्तरासाठी बहिणीकडं बघितलं. आत्या म्हशीसमोर उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. आधी बहुतेक रडतच होत्या. मग पदर बाजूला झाला.

"नाकीडोळी बरी हाय रे," त्या म्हणाल्या, आणि असं हसल्या की आईनं त्यांना धरून बाहेर आणलं. "त्या सहायक पोरीपेक्षा ही तुला शोभते. पण जागा लागेल रे हिला!"

मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. मुलाच्या वडिलांनी आधी ताट बाजूला सारलं होतं, पण आत्या हसत असताना रागात बसून राहणं कोणालाच जमलं नसतं. निघताना ते अण्णांना म्हणाले, "महाराजांना मी सांगतो."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ते मीच सांगायला पाहिजे."

अण्णा त्याच दुपारी एकटे औंढ्याला गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. महाराज फार चिडले होते. आरडाओरडा नाही, पण एवढंच म्हणाले, "गुरुजी, त्या लेकरासाठी मी सोमवारी अभिषेक केला." अण्णा म्हणाले, यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना महाराजांनी विचारलं होतं, "पण एक सांगा. मी सांगितलं त्यातलं चुकलं काय?" आणि अण्णांना मान्य करावं लागलं होतं की एकही गोष्ट चुकली म्हणता येत नाही.

"म्हणजे काटा खरा निघाला," आई म्हणाली.

"काट्यावर काहीही टाकलं तरी किलोच दाखवतो तो!" अण्णा ओरडले. "हेच तर सांगून राहिलो मी!"

पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. गोष्ट आता सगळ्या तालुक्यात गेली होती आणि लोकांनी तिच्यातून आपल्याला पाहिजे तेच घेतलं होतं. मार्गशीर्षात महाराजांच्या ओसरीवर बैल विकत घेणारे लोक दिसायला लागले. बैलाची जन्मवेळ अंदाजानं सांगायचे आणि विचारायचे, कामाला कसा निघेल. महाराज आधी त्यांना हाकलायचे. नंतर नंतर, आई सांगायची, गुरुवारी दुपारी जनावरांसाठी वेगळी वेळच ठेवली. माणसाच्या पत्रिकेला मात्र लॅपटॉप उघडायच्या आधी ते डोळ्यात डोळे घालून विचारायचे, "माणसाचीच हाय ना?"

त्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालं, त्या कृषी सहायक मुलीशीच. आम्हाला आमंत्रण होतं. लग्न लावायला महाराजच होते, कारण नऊ गुणांवर काय तोडगा करायचा हे शेवटी त्यांनाच विचारलं होतं आणि त्यांनी काढला होता. पंगतीत आत्यांनी मुद्दाम अण्णांना महाराजांच्या शेजारी बसवलं. दोघं आधी जिलबीकडं बघत राहिले. मग महाराज म्हणाले, "म्हैस कशी हाय?" अण्णा म्हणाले, "बरी हाय. खाऊन राहिली." त्यानंतर दोघं हवामानखात्याच्या अंदाजावर तुटून पडले आणि त्यात त्यांचं पूर्ण एकमत झालं.

मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले. दोन्ही वेळा अण्णा निकालाचा कागद आईसमोर ठेवून म्हणाले, "शनी." आईनं तो कागद देवापाशी ठेवला. मग मी पीएच.डी.ला नाव घातलं, कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि पीएच.डी. मधेच सुटली. आईनं त्या दिवशी देवासमोर एक नारळ जास्त फोडला.

पुढं माझ्यासाठी नांदेडकडचं एक स्थळ आलं. मुलगा माझ्याच कॉलेजात शिकवायचा. मी त्याला ओळखत होते, आणि मला तो आवडत होता हे घरात कळायचं बाकी नव्हतं. त्यांच्याकडून पत्रिका मागितली गेली. मला वाटलं, आता पुन्हा लढाई. आई औंढ्याला गेली. संध्याकाळी फोन आला, तो अण्णांनीच उचलला. "जुळतं म्हणले महाराज!" आई एवढ्या मोठ्यानं बोलली की मला लांबूनही ऐकू आलं. "उत्तम जुळतं म्हणले!"

"हां, हां," अण्णा म्हणाले. "बराबर हाय. माणूस जाणकारच हाय तो."

त्यांनी फोन ठेवला. मी समोरच उभी होते.

"अण्णा, यावेळी तपासायचं न्हाई का?"

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "कशाला? पोरगा चांगला हाय."

"ते तुम्हाला कसं माहीत?"

"मी बघितला ना त्याला. शनिवारी येऊन गेला, दोन तास बसला. माझं सगळं ऐकून घेतलं त्यानं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून ते वैतागले. "हसू नको. जा, चहा टाक. आन् तुझी आई आली की माझ्याबद्दल काही बोलू नको."

मी चहा टाकला. आई येईपर्यंत अण्णा अंगणात फेऱ्या मारत होते आणि दोनदा त्यांनी मला आतून बाहेर बोलावून विचारलं, की ती फोनवर नेमके किती गुण म्हणाली ते मला ऐकू आलं का.